एग्वीय क्रझ, ल (पोकळ सुई)

फ्रेंच कादंबरीकार मॉरिस लब्लां (११ डिसेंबर १८६४ – ६ नोव्हेंबर १९४१) ह्याची रहस्यप्रधान साहसकादंबरी. ‘झ सॅ तू’ ह्या पॅरिसमधील सचित्र मासिकातून १९०८-०९ मध्ये ती क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १९०९ मध्येच पुस्तकरूपाने निघाली. अलेक्झांडर तेइशेरा द मातोस ह्याने केलेले तिचे इंग्रजी भाषांतर ‘द हॉलो नीडल’ ह्या नावाने १९१० मध्ये निघाले. ‘सभ्य घरफोड्या’ म्हणून ख्याती पावलेला आर्सेन ल्यूपँ हा तिचा नायक. ल्यूपँच्या साहसांवर लब्लांने तीसहून अधिक वर्षे लेखन केले. त्या साऱ्या लेखनात ही कादंबरी सर्वांत अधिक वाचली गेलेली आणि काही दोष ध्यानी घेऊनही सर्वांत अधिक टिकाऊ ठरलेली कृती होय.

लब्लां मूळचा नॉर्मंडीतील रूआन येथला. फ्लोबेअर आणि मोपासां हे त्याचे आदर्श. ‘युन फाम’ (१८९३) ह्या पहिल्या कादंबरीपासून त्याने मनोविश्लेषणात्मक लेखनाचाच मार्ग धरला होता. समीक्षकांनी त्याची थोडीफार दखल घेतली. वाचकांनी मात्र जवळजवळ घेतली नाही. १९०५ मध्ये प्रकाशक प्येर लाफीत ह्याने, इंग्लंडात शेरलॉक होम्सच्या कथांना लाभलेले यश पाहून, आपल्या नव्या मासिकासाठी तशाच धर्तीची एक कथा लब्लांकडे मागितली. लब्लांने गुप्तहेराऐवजी चोर उभा केला आणि पहिल्याच कथेत त्याला अटकही करवली. कथा इतकी गाजली, की अटक झालेल्या चोराला तुरुंगातून सोडविण्याची जबाबदारी लेखकावर येऊन पडली. गंभीर साहित्यिक म्हणून नाव मिळविण्याची आकांक्षा बाळगणारा हा लेखक पुढे आयुष्यभर आपल्या नायकाच्या सावलीत राहिला. ही सल त्याला होती, असे त्याच्याविषयी लिहिणाऱ्या बहुतेकांनी नोंदविले आहे. ‘पोकळ सुई’ वाचताना ती ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते. कारण करमणुकीच्या चौकटीत राहूनच त्या चौकटीत न मावणारे काही सांगण्याचा प्रयत्न ह्या कादंबरीत स्पष्ट दिसतो.

सभ्य चोराची कल्पना लब्लांची स्वतःची नव्हे. इंग्लंडात ई. डब्ल्यू. हॉर्नंग ह्याने १८९८ मध्ये रॅफल्स हा क्रिकेटपटू चोर निर्माण केला होता. हा हॉर्नंग कॉनन डॉयलचा मेहुणा, हा योगायोग मजेदार आहे. मार्च १९०५ मध्ये आम्यँ येथे ज्याचा खटला गाजला, त्या मारियुस झाकॉब नावाच्या अराज्यवादी घरफोड्याकडेही पुष्कळांनी बोट दाखविले आहे. संस्कृत वाङ्मयाच्या वाचकाला तर ‘मृच्छकटिका’तील शर्विलक आठवल्यावाचून राहणार नाही : घरफोडीला शास्त्र मानणारा, भिंतीला भोक कोणत्या आकाराचे शोभेल ह्याचा विचार करणारा आणि माप घेण्यासाठी यज्ञोपवीत वापरणारा हा ब्राह्मण चोर ल्यूपँचा दूरचा पूर्वज म्हणावा असाच आहे. ल्यूपँचे वेगळेपण चोरीच्या कौशल्यात फारसे नाही. वृत्तपत्रांना पत्रे लिहून आपल्या पराक्रमांची जाहिरात करणारा, शत्रूची थट्टा करून त्याला आपल्या बाजूला ओढणारा आणि प्रत्येक भेटीत वेगळा चेहरा धारण करणारा असा हा विसाव्या शतकाच्या आरंभीचा, मोटारी आणि दैनिके ह्यांच्या युगातला चोर आहे.

कथानकाचा आरंभ द्येप शहराजवळच्या आंब्र्युमेझी नावाच्या वाड्यात एका रात्री होतो. झॅव्र ह्या काउंटची मुलगी स्युझान आणि तिची आतेबहीण रेमाँद ह्या दोघी तरुणी आवाजाने जाग्या होतात. काउंट बेशुद्ध पडलेला आहे, त्याचा चिटणीस दावाल सुऱ्याच्या घावाने मेलेला आहे आणि काही माणसे अवजड वस्तू घेऊन उद्यानातून निघून जात आहेत. रेमाँद बंदूक उचलून पळणाऱ्या एकावर गोळी झाडते; तो पडतो, पुन्हा उठतो, पुन्हा पडतो आणि चहूकडून वेढलेल्या उद्यानातून नाहीसा होतो. वाड्यातून काहीच चोरीस गेलेले दिसत नाही. न्यायदंडाधिकारी बुचकळ्यात पडलेला असताना पत्रकार असल्याची बतावणी करून आत शिरलेला सतरा वर्षांचा एक विद्यार्थी, इझिदॉर बोत्रले, सारा उलगडा करतो : भिंतीवरची रूबेन्सची चित्रे ही आता नकला आहेत, चिटणीस चोरांना सामील होता व त्याला मारणारा खुद्द काउंटच आहे, आणि जखमी ल्यूपँ पळून गेलेलाच नाही, तो उद्यानातील भग्न प्रार्थनामंदिराच्या तळघरात दडला आहे. मात्र त्याला वाचविणारी कोण, हे बोत्रलेच्या उशिरा लक्षात येते. जिने गोळी घातली तीच रेमाँद त्याची शुश्रूषा करीत होती.

एवढा भाग एखाद्या स्वतंत्र कथेला पुरला असता. लब्लांने तो केवळ उंबरठा म्हणून वापरला आहे. चोरांच्या हातून पडलेला एक कागदाचा कपटा बोत्रलेला मिळतो. त्यावर आकडे, ठिपके आणि काही खुणा ह्यांखेरीज काही नाही. आणि येथून पुढे कादंबरीचा प्रश्न ‘चोर कोण’ हा न राहता ‘ह्या कागदावर काय लिहिले आहे’ हा होतो. आकडे म्हणजे स्वर व ठिपके म्हणजे गाळलेली व्यंजने, हे बोत्रले लवकरच ओळखतो. सांकेतिक लिपीची कथा एडगर ॲलन पो ह्याने ‘द गोल्ड बग’मध्ये आधीच लिहिली होती; परंतु पोच्या कथेत संकेत उलगडला की अर्थ हाती येतो. लब्लांने ह्याहून एक अवघड आणि अधिक मौजेची कल्पना योजली आहे. येथे शब्द बरोबर सापडतात आणि तरीही अर्थ चुकतो. कागदावरील ‘दमुआझेल’ म्हणजे कुमारिका हा शब्द वाचल्यावर वाड्यातील दोन तरुणींकडेच त्याचा रोख आहे, असे बोत्रले धरून चालतो. ‘एग्वीय क्रझ’ म्हणजे पोकळ सुई. पण ‘क्रझ’ हे मध्य फ्रान्समधील एका नदीचे आणि तिच्यावरून पडलेले एका जिल्ह्याचेही नाव आहे. त्या जिल्ह्यात ‘एग्वीय’ नावाचा वाडा खरोखरच निघतो, बोत्रलेचा पळवून नेलेला बापही तेथेच सापडतो, सगळीकडे विजयोत्सव होतो. आणि मग कळते, की हा वाडा चौदाव्या लूईने केवळ पुढच्या शोधकांची दिशाभूल करण्यासाठी बांधवला होता. एका शब्दाच्या दोन अर्थांवर अर्धी कादंबरी तोलून धरण्याचे हे कसब रहस्यवाङ्मयात विरळाच आढळते. वाचक फसतो तो पुराव्याअभावी नव्हे. पुरावा सर्वस्वी खरा असूनही फसतो.

खरी सुई नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर आहे. एत्रता गावाजवळ खडूच्या पांढऱ्या कड्यांना समुद्राने कोरून भव्य कमानी केल्या आहेत आणि पश्चिमेकडील कमानीपलीकडे पाण्यातून एक टोकदार सुळका वर आला आहे. त्याला ‘सुई’ असेच म्हणतात. कूर्बे आणि मॉने ह्यांनी तो चितारला होता, मोपासांचे बालपण त्याच्या परिसरात गेले होते. म्हणजे १९०९ च्या फ्रेंच वाचकाला हा देखावा पूर्ण परिचित होता. संकेतातील ‘कुमारिकांची खोली’ ही देखील तेथील कड्यातली एक खरी जागा असून तीन बहिणींची एक स्थानिक दंतकथा तिच्याशी निगडित आहे. जे हजारो प्रवाशांनी पाहिले, चित्रांत टांगले, त्याच्याच पोटात रहस्य आहे, ही ती कल्पना. वस्तुतः हा सुळका भरीव आहे. पण लब्लांने तो आतून पोकळ कल्पिला, त्यात मजल्यामागून मजले रचले आणि कड्याच्या पोटातून समुद्राखालून जाणाऱ्या भुयाराने तो किनाऱ्याशी जोडला. कादंबरीतील भूगोलाची ही हाताळणी तिचे मोठे बळ आहे. रूआन, ल हाव्र आणि द्येप ह्यांच्यामधील को प्रदेश लेखकाच्या अंगवळणी पडलेला होता. ल्यूपँच्या पूर्वीच्या अनेक पराक्रमांची ठिकाणे ह्याच प्रदेशात का येतात, असा प्रश्न बोत्रले विचारतो, तेव्हा मागच्या कथांमधील घटनांनाही नवा अर्थ येतो. लेखकाने हे सारे आधीपासून योजले असेल असे वाटत नाही. परंतु मागाहून इतके चपखल बसविणे हेही काही कमी नव्हे.

भूगोलाइतका इतिहास विश्वसनीय नाही, आणि तसा तो असावा अशी अपेक्षाही नाही. सुईचे गुपित सीझरला गॉलमधील एका टोळीप्रमुखाकडून कळले, त्याच्यानंतर नॉर्मन सरदार रॉलो, मग इंग्लंड जिंकणारे नॉर्मन आणि इंग्लंडचे राजे ह्यांच्याकडे ते आले. जोन ऑफ आर्कला जाळण्यामागेही तेच होते. पुढे ते फ्रान्सच्या राजांकडे गेले आणि त्यांनी आपला खजिना तेथे ठेवला. १६७९ मध्ये हे गुपित छापून उघड करू पाहणाऱ्या माणसाला चौदाव्या लूईने पोलादी मुखवटा चढवून जन्मभर कोंडले. मारी आंत्वानेतने ते आपल्या प्रार्थनापुस्तकात दडवून ठेवले. अशी ही वंशावळ सीझरपासून ल्यूपँपर्यंत येते. मुखवट्यातील कैदी ऐतिहासिक कागदपत्रांप्रमाणे १६६९ मध्येच पिन्येरॉलच्या तुरुंगात होता, म्हणजे कादंबरीतील त्याच्या अपराधाच्या दहा वर्षे आधी. पण अशा तपशिलांनी लब्लांचे काही अडत नाही. द्युमाच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांवर वाढलेल्या वाचकाला तो त्याच्याच ओळखीच्या कोड्यांची एकच किल्ली देऊ करतो. त्या किल्लीचा आव गंभीर आहे आणि स्वर खट्याळ. ह्या दोहोंमधील ताणामुळे हा इतिहासाचा भाग, लांबण लागूनही, कंटाळवाणा होत नाही. मात्र त्यात एक छुपा अर्थ आहे. राजांचा वारसा प्रजासत्ताकाकडे आलेला नाही, तो एका चोराकडे आला आहे. १९०९ च्या फ्रान्समध्ये ह्या विनोदाची धार वाचकांना जाणवली नसेल, असे म्हणता येत नाही.

बोत्रले ही ह्या कादंबरीतील सर्वांत ताजी व्यक्तिरेखा होय. गास्ताँ लरू ह्याने १९०७ मध्ये ‘पिवळ्या खोलीचे रहस्य’ सोडविणारा रूलताबीय हा कोवळ्या वयाचा पत्रकार निर्माण केला होता. बोत्रले त्याचाच धाकटा भाऊ वाटतो. पण रूलताबीयच्या तर्कबुद्धीचा दर्प बोत्रलेत नाही. तो शाळकरी आहे, परीक्षा बुडेल म्हणून काळजी करतो, बापाचे नाव निघाले की रडतो. ल्यूपँ त्याला धमकावतो, चकवतो आणि तरी त्याच्यावर माया करतो; जणू आपले तारुण्य तो त्याच्यात पाहतो. दोघांची पहिली समोरासमोरची भेट हा कादंबरीतील उत्कृष्ट प्रसंगांपैकी एक आहे. त्यात हाणामारी नाही. एक प्रौढ माणूस एका मुलाला त्याच्या बापाच्या जिवावर वेठीस धरतो आणि मुलगा नमत नाही. ल्यूपँच्या सभ्यतेची मर्यादा येथे उघडी पडते. आपण कधी रक्त सांडत नाही असे म्हणविणारा हा माणूस वृद्धाला पळवून नेतो, डॉक्टरला उचलून आणतो, एका अनोळखी तरुणाच्या प्रेताला स्वतःचे नाव देतो. लेखक ह्यावर भाष्य करीत नाही. पण तो ते झाकतही नाही.

सुईच्या पोटातील प्रसंगात कादंबरी शिखराला पोचते. पोलीस एकेक दार फोडीत वर येत असताना ल्यूपँ बोत्रलेला आपला संग्रह दाखवितो : इटालियन, डच आणि स्पॅनिश चित्रकारांच्या अस्सल कृती, ज्यांच्या नकला यूरोपातील संग्रहालयांत टांगलेल्या आहेत, आणि सर्वांत शेवटी लिओनार्दोची खरी ‘मोनालिसा’. ही कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर दोनच वर्षांनी, २१ ऑगस्ट १९११ रोजी, ‘मोनालिसा’ लूव्ह्रमधून खरोखर चोरीस गेली आणि डिसेंबर १९१३ मध्ये फ्लॉरेन्स येथे सापडली. चोर कोणी ल्यूपँ नसून तेथे काम केलेला एक इटालियन कारागीर होता. ह्या योगायोगामुळे कादंबरीला भविष्यवेधी म्हटले जाते; पण प्रसंगाचे खरे मोल वेगळे आहे. लूव्ह्रने १८९६ मध्ये मोठ्या किमतीस विकत घेतलेला साइतफार्नेसचा सुवर्णमुकुट १९०३ मध्ये बनावट ठरला होता आणि संग्रहालयाची सर्वत्र नाचक्की झाली होती. त्या ताज्या आठवणीला उद्देशून, अस्सल मुकुट आपल्याकडे आहे, असे ल्यूपँला म्हणता येते. अधिकृत संस्था नकलेची पूजा करीत आहेत आणि अस्सल वस्तू चोराकडे आहे, ही उपरोधाची कल्पना लब्लांने चित्रांपुरती ठेवलेली नाही. वेषांतरात राहणाऱ्या ल्यूपँचा स्वतःचा अस्सल चेहरा कोणता, हा प्रश्न त्याच कल्पनेची दुसरी बाजू आहे. बोत्रलेला ज्ञानाने मदत करणारा वयोवृद्ध पंडित मासिबाँ म्हणून जो भेटला, तो ल्यूपँच निघतो. रेमाँदने ज्याच्याशी विवाह केला, तो वाल्मेरा हादेखील ल्यूपँच. सत्याचा शोध घेणारा मुलगा सत्यापर्यंत बव्हंशी त्याच्याच हाताला धरून पोचलेला असतो.

ह्यानंतर ल्यूपँ आपला सारा संग्रह फ्रान्सला देऊन टाकतो. अट एवढीच, की तो लूव्ह्रमध्ये त्याच्या नावाच्या दालनांत ठेवला जावा. पाणबुडीतून रेमाँद व बोत्रले ह्यांच्यासह तो निसटतो. रेमाँदसाठी चोरीचा मार्ग सोडून प्रामाणिक माणूस म्हणून शेतावर राहण्याचा त्याचा निश्चय झालेला असतो. किनाऱ्यावर एर्लॉक शोल्मेस वाट पाहत असतो. कॉनन डॉयलच्या आक्षेपानंतर शेरलॉक होम्सच्या नावाची अक्षरे फिरवून लब्लांने हे नाव तयार केले होते. आधीच्या ‘आर्सेन ल्यूपँ काँत्र एर्लॉक शोल्मेस’ (१९०८) ह्या पुस्तकात तो निदान तुल्यबळ प्रतिस्पर्धी तरी आहे. येथे तो ल्यूपँच्या म्हाताऱ्या दाईला ओलीस धरतो, पिस्तूल रोखतो, आणि मध्ये धावून आलेली रेमाँद त्याच्या गोळीने मरते. ल्यूपँ त्याचा गळा आवळतो आणि सोडून देतो. मग प्रेत खांद्यावर घेऊन तो अंधारात चालू लागतो.

हा शेवट समीक्षकांत वादाचा ठरावा असाच आहे. शोल्मेसचे चित्रण अन्यायाचे आहे, ह्यात शंका नाही. होम्सची बुद्धिमत्ता त्याला दिलेली नाही, केवळ त्याचा हेका दिला आहे. आणि फ्रेंच वाचकाच्या राष्ट्राभिमानाला गोंजारण्याचा हेतू त्यामागे उघड दिसतो. रेमाँदच्या वाट्याला तर कादंबरीभर एक स्वतंत्र वाक्यही धड येत नाही. पहिल्या प्रकरणात बंदूक चालविणारी ही धीट मुलगी पुढे प्रथम पळवून नेली जाते, मग मृत समजली जाते, मग विवाहित म्हणून दिसते आणि अखेर मरते. तिने गोळी झाडण्यापासून शुश्रूषेपर्यंतचे अंतर कसे पार केले, हे जाणून घेण्याची उत्सुकता मनोविश्लेषणात्मक कादंबऱ्या लिहिलेल्या ह्या लेखकाला वाटू नये, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे. तरीही शेवटच्या पानांचा परिणाम नाकारता येत नाही. तोवर ल्यूपँला काहीच महाग पडलेले नव्हते. तुरुंग, पोलीस, जखम, सारे त्याच्या विनोदात विरघळून जात होते. चोराला सज्जन होऊ द्यावे, तर मालिका संपते. होऊ न द्यावे, तर त्याचे प्रेम खोटे ठरते. ह्या पेचातून लब्लांने जो मार्ग काढला, तो व्यावसायिक सोयीचा होता, हे खरे. पण त्यातूनच ल्यूपँला दुःख प्राप्त झाले आणि पुढच्या ‘८१३’ (१९१०) ह्या कादंबरीतील अधिक काळोख्या, स्वतःच्या यशाला भ्यालेल्या ल्यूपँची वाट मोकळी झाली.

रचनेतील इतर उणिवाही लपत नाहीत. मासिकातील दर अंकाच्या शेवटी धक्का देण्याच्या गरजेमुळे काही प्रकरणे ओढून ताणलेली आहेत. पोलीस अधिकारी गानिमार हा हास्यास्पद होण्यासाठीच आणलेला आहे. शेवटच्या भुयारातील दारांची यांत्रिक कोडी वाचताना उत्कंठेपेक्षा मोजमापांचा शीणच अधिक जाणवतो. भाषा मात्र सर्वत्र चपळ आहे. लहान वाक्ये, झटपट संवाद, वृत्तपत्रातील बातमीचा आणि पत्रांचा वापर ह्यांमुळे कथन कोठेही जड होत नाही. फ्लोबेअरच्या शिष्याने लोकप्रिय गद्याला लावलेली ही शिस्त वाचकाला सहसा जाणवत नाही, इतकी ती सहज आहे.

झां-पॉल सार्त्र ह्याने ‘ले मो’ (१९६४) ह्या आत्मचरित्रात बालपणीच्या आपल्या वाचनात ल्यूपँला मानाचे स्थान दिले आहे. जपानमध्ये एदोगावा रांपो ह्याने १९३०-३१ मधील ‘सोनेरी मुखवटा’ ह्या कादंबरीत ल्यूपँलाच प्रतिनायक म्हणून आणले. मंकी पंच ह्या चित्रकथाकाराने १९६७ पासून ल्यूपँच्या नातवाची चित्रमालिका चालविली. फ्रेंच दूरचित्रवाणीवर १९७१ ते १९७४ ह्या काळात झॉर्झ देक्रियॅर ह्याने ल्यूपँची भूमिका केली. २०२१ मध्ये प्रसृत झालेल्या ‘ल्यूपँ’ ह्या मालिकेत ओमार सी ह्याने ल्यूपँच्या पुस्तकांवर वाढलेल्या एका सेनेगाली स्थलांतरिताच्या मुलाचे काम केले असून तिच्या पहिल्या भागाचा शेवट एत्रताच्या कड्यांवरच होतो. एत्रता येथे ज्या घरात लब्लां अनेक वर्षे राहिला व लिहीत असे, त्याला त्याने ‘क्लो ल्यूपँ’ असे नाव दिले होते. १९९९ मध्ये ते संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुले करण्यात आले.